अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली बॉस्टनजवळची बंकर हिलची लढाई जिंकूनही इंग्रजांची इतकी माणसं का पडली?

मुख्य कारण अंतर. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी तिच्यापेक्षा जराशी बारीक, त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशीब. काडतूस दातांनी फाडा, रंजक (बार पेटवणारी थोडी दारू) भरा, उरलेली दारू आणि गोळी नळीत टाकून गजाने ठासा. सरावलेल्या शिपायालाही मिनिटाला तीनच बार जमत. म्हणून पहिली फैर वाया घालवली की समोरचा संगिनीसकट अंगावर आलाच.

अमेरिकनांनी नेमकी तीच राखून ठेवली. १६ जून १७७५ च्या रात्री कर्नल प्रेस्कॉटच्या माणसांनी बॉस्टनसमोरच्या चार्ल्सटाउन द्वीपकल्पावर मातीची गढी उभारली, तीही बंकर हिलवर नाही, तर बॉस्टनच्या जवळच्या, ठेंगण्या ब्रीड्स हिलवर. डावीकडे कुंपण होतं, पण मिस्टिक नदीच्या काठाला ते संपत होतं आणि खालची पुळण उघडी होती. ही फट अमेरिकन कर्नल जॉन स्टार्कने हेरली, दगड रचून बंद केली आणि पुढे सुमारे चाळीस यार्डांवर खुंटी ठोकली: शत्रू तिथे येईपर्यंत बार काढायचा नाही. माझ्या मते लढाईतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. उतारावरून मारलेली गोळी डोक्यावरून जाते, म्हणून नेम कमरेच्या पट्ट्यावर धरायला सांगितलं होतं. अधिकारी टिपायचे, हेही ठरलेलं.

इंग्रजांनीही चुका केल्या. चार्ल्सटाउनला जोडणारी चिंचोळी पट्टी मागून अडवली असती तर गढी आपोआप कोंडली गेली असती. इंग्रज जनरल क्लिंटनने ते सुचवलंही होतं. पण हल्ल्याचा सेनापती हॉवेने समुद्राला भरती येईपर्यंत थांबून दुसऱ्या दिवशी दुपारी समोरूनच चढाई केली. पाठीवर ओझं, गुडघ्यापेक्षा उंच गवत, मध्ये कुंपणं, त्यामुळे रांगा मोडत गेल्या. सहा पौंडी तोफांसाठी बारा पौंडी गोळे आले. छर्रे मारायचे ठरवलं तर तोफा दलदलीत अडकल्या. दोन हल्ले परतले.

तिसऱ्यांदा ओझी खाली ठेवली आणि वाटेत बार काढण्यासाठी न थांबता संगिनी रोखून सरळ गढीवर गेले. तोवर आतली दारू संपत आली होती. प्रेस्कॉटने तोफेची काडतुसं फोडून त्यांतली दारू वाटली. संगिनी थोड्यांकडेच होत्या, बाकीचे बंदुकीच्या दस्त्याने लढले. मागे बंकर हिलवर माणसं होती, पण ती वेळेत पुढे आली नाहीत, आणि पराभवाचा मोठा वाटा मी त्यावर ठेवीन. अमेरिकनांचे पुढारी डॉ. जोसेफ वॉरन याच तिसऱ्या हल्ल्यात पडले.

हिशेब असा: इंग्रज २२६ ठार, ८२८ जखमी, त्यांत ऐंशीहून जास्त अधिकारी, अमेरिकन ठार, जखमी, कैदी मिळून साधारण ४५०. बातमी लंडनला पोचली, आणि इंग्रजांचा सरसेनापती गेज याला परत बोलावलं गेलं.