लेकीच्या गुणांवर लाखांची पाटी लावू नका

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात आयबी डिप्लोमाच्या (दहावीनंतरचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाला सातपैकी गुण) पहिल्या वर्षाला आहे. हायर लेव्हलला, म्हणजे वरच्या पातळीला, गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्री. तिला अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आहे. वर्षाला ५५ लाख खर्च धरलाय, वेळ पडली तर गावाकडची जमीन काढायची तयारी आहे. हायर लेव्हलच्या तीन विषयांचे २४ क्रेडिट (डिग्रीसाठी कोर्स मोजायचं एकक) आणि पाच एपी परीक्षांचे (अमेरिकेतल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा) २८ असे ५२ क्रेडिट ती इथूनच घेऊन गेली, तर चार वर्षांची डिग्री अडीच वर्षांत होईल आणि ८० लाख वाचतील, असा माझा हिशोब आहे. एक्सेल शीट सोबत जोडलंय. दर रविवारी जेवणानंतर आम्ही दोघं ते बघतो. बॅकअप म्हणून जेईईचा क्लासही लावलाय. वेळ पुरावा म्हणून दोन महिन्यांपूर्वी तबला बंद केला. मुलगी हुशार आहे, पण हल्ली टाळाटाळ करते. परवा मात्र तिने स्वतःहून विचारलं, "बाबा, मला फिजिक्समध्ये पाच पडले तर किती लाख जातील?" तिला गांभीर्य येतंय हे बघून बरं वाटलं. पाच एपी कोणत्या क्रमाने द्याव्यात, ते सांगा.
– एक पालक, पुणे

उत्तर: नमस्कार.

परीक्षांचा क्रम मी सांगणार नाही. तुमच्या लेकीच्या त्या एका प्रश्नापाशी मी थांबले, आणि पत्राचा उरलेला भाग वाचताना तोच डोक्यात घोळत राहिला. तुम्हाला त्यात गांभीर्य दिसलं, मला धसका दिसला. अकरावीच्या वयाची मुलगी फिजिक्सबद्दल किती गोष्टी विचारू शकते. टॉर्क नीट कळत नाही, प्रयोगाची रीडिंग जुळत नाहीत, इंटर्नल असेसमेंटला कुठला विषय घेऊ. तुमच्या लेकीला यातलं काही विचारायचं नाही. तिला स्वतःच्या चुकीची किंमत जाणून घ्यायची आहे, तीही लाखांत.

मग मी तुमचं शीट उघडलं. कष्टाने केलंय, ते दिसतं. विषय, अपेक्षित गुण, त्यावर मिळणारे क्रेडिट, आणि शेवटच्या रकान्यात "वाचणारी रक्कम". अपेक्षित गुण सहाच्या खाली गेले की क्रेडिट शून्य होतात आणि तो चौकोन आपोआप लाल होतो, अशी सोय तुम्ही करून ठेवली आहे. मी फिजिक्सपुढच्या सहाचे पाच करून पाहिले. चौकोन लाल झाला आणि खालच्या बेरजेतून बारा लाखांहून जास्त रक्कम उतरली. मी तिऱ्हाईत, तरी मला कसंतरी झालं. तुमची लेक हे दर रविवारी, जेवून उठल्यावर, तुमच्या शेजारी बसून बघते. गावाकडच्या जमिनीचं तिला माहीत नसेल असं तुम्हाला वाटतं का? घरात अशा गोष्टी मुलांना सगळ्यात आधी कळतात. ती टाळाटाळ करते ती अभ्यासाची नसेल, रविवारची असेल.

तुमची पैशाची काळजी खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. दोन कोटी वीस लाख ही रक्कम कुठल्याही नोकरदार घराची झोप उडवणारी आहे, आणि तिच्यासाठी जमीन विकायला निघालेल्या माणसाला मी रागावणार नाही. घराला काय झेपतं आणि काय नाही, हे मुलीला माहीत असायलाच हवं. पण "आपलं बजेट एवढं आहे" असं एकदा सांगणं वेगळं आणि तिच्या प्रत्येक गुणाचा भाव दर आठवड्याला काढणं वेगळं. पहिल्याने मूल शहाणं होतं. दुसऱ्याने ते पेपर लिहिताना बाबांच्या जमिनीचे गुंठे मोजत बसतं.

आता हिशोबाकडे येते, कारण ज्या हिशोबापायी हे सगळं चाललंय तो मुळातच चुकलाय.

क्रेडिट मिळणं म्हणजे डिग्री तेवढी लवकर संपणं, हा गैरसमज मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे, आणि परदेशी शिक्षणाचं दुकान मांडून बसलेले लोक तो मुद्दाम दूर करत नाहीत. अमेरिकेत बॅचलर डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, इंजिनिअरिंगला बहुधा थोडे जास्त. तुम्ही त्यातून सरळ ५२ वजा केलेत. पण तुमच्या पाच एपींमध्ये कॅल्क्युलस बीसी आहे, केमिस्ट्री आहे, फिजिक्स सीचे दोन्ही पेपर आहेत. हेच विषय ती आयबीत हायर लेव्हलला शिकते आहे, आणि एकाच कोर्सचं क्रेडिट कुणी दोनदा देत नाही. म्हणजे २८ मधले बरेचसे इथेच गळाले. उरलेल्यांचं काय होतं, ते बघा. आयबीचं फिजिक्स हायर लेव्हलचं असलं तरी कॅल्क्युलसच्या आधाराने शिकवलेलं नसतं, त्यामुळे अनेक विद्यापीठं त्याचं क्रेडिट इंजिनिअरिंगच्या फिजिक्सला धरत नाहीत, बिगर-इंजिनिअरिंगच्या फिजिक्सला धरतात. ट्रान्स्क्रिप्टवर आठ क्रेडिट दिसतात, आणि मेकॅनिकलच्या मुलीला फिजिक्स पहिल्यापासून करावंच लागतं. शिवाय मेकॅनिकलचे विषय एकात एक अडकलेले असतात. स्टॅटिक्स झाल्याशिवाय डायनॅमिक्स नाही, थर्मोडायनॅमिक्स झाल्याशिवाय हीट ट्रान्सफर नाही. यातले काही कोर्स वर्षातून एकाच सत्रात असतात, आणि शेवटच्या वर्षाचा डिझाइन प्रोजेक्ट बऱ्याच ठिकाणी दोन सत्रं चालतो. कॅल्क्युलसचा पहिला कोर्स वाचला म्हणून ही साखळी दीड वर्षाने आखूड होत नाही. एखादं सत्र वाचू शकतं, तेही सगळं जुळून आलं तर. आणि कमी कोर्स घेतले की फी कमी, असंही नाही. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, आणि पुष्कळ विद्यापीठांत १२ पासून साधारण १८ क्रेडिटपर्यंत फी एकच असते.

मग क्रेडिटचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि चांगला आहे. अनेक विद्यापीठांत ज्याचे क्रेडिट जास्त त्याला कोर्स निवडायची पाळी आधी मिळते. गर्दीच्या कोर्समध्ये जागा मिळवताना त्याचं मोल कळतं. परक्या देशातलं पहिलं सत्र थोडं हलकं जातं. एखादा आवडीचा विषय जोडीला घेता येतो. माझ्याकडे आलेल्या नाशिकच्या एका मुलाने मात्र एपीच्या जोरावर कॅल्क्युलसचे पहिले दोन्ही कोर्स सोडले आणि पहिल्याच सत्रात तिसऱ्याला बसला. एपी देऊन वर्ष उलटलं होतं, सराव सुटला होता. नापास झाला आणि मुकाट्याने दुसऱ्या कोर्सला परत गेला. क्रेडिट हातात असलं तरी ते वापरायचं की नाही, हे तिथे गेल्यावर विद्यार्थ्याने ठरवायचं असतं, सल्लागार प्राध्यापकांशी बोलून. ते पुण्यात बसून, एक्सेलमध्ये ठरत नाही.

कोण किती देतं, हे थोडक्यात. हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ, कॅलटेक ही विद्यापीठं एपीचे गुण डिग्रीच्या क्रेडिटमध्ये धरत नाहीत. काही ठिकाणी फार तर वरच्या कोर्सला बसू देतात. एमआयटी कॅल्क्युलस बीसीमध्ये पाचपैकी पाच असतील तर कॅल्क्युलसचा पहिला कोर्स माफ करते. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना मात्र कायद्यानेच आयबी डिप्लोमावर किमान २४ क्रेडिट द्यावे लागतात, अट एवढीच की विषयांत चार किंवा जास्त गुण हवेत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ४५ पैकी ३० किंवा जास्त गुणांच्या डिप्लोमाला सत्राच्या हिशोबाने २० क्रेडिट देते, आणि सुटा हायर लेव्हलचा विषय असेल तर पाच गुणांपासून.

हे पुन्हा एकदा वाचा. तुमच्या शीटमध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोन्ही आहेत. टेक्सासला चार पुरतात, कॅलिफोर्नियाला पाच. सहाची रेघ तुम्ही आखलीत, त्यांनी नाही. म्हणजे लेकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं: "फिजिक्समध्ये पाच पडले तर त्या क्रेडिटमधला एक रुपयाही जात नाही." चांगल्या ठिकाणी प्रवेशासाठी गुण लागतात, ते लागोत, तो वेगळा विषय आहे. पण ज्या बारा लाखांना ती घाबरली आहे, ते बारा लाख मुळात नाहीतच. हे तिला तुम्ही सांगायचं आहे. मी सांगून उपयोग नाही, कारण तो लाल चौकोन तिला तुम्ही दाखवला होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाचही एपी सोडून द्या. एपी आणि आयबी, दोन्ही परीक्षा मे महिन्यात असतात. दुसऱ्या वर्षी गाठ पडेल म्हणून तुम्ही पाचही एपी पहिल्याच वर्षाच्या मेमध्ये कोंबल्या आहेत. तेव्हा तिचा हायर लेव्हलचा अभ्यासक्रम जेमतेम अर्धा झालेला असेल. सहा विषय, प्रत्येकाचं इंटर्नल असेसमेंट, चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, थिअरी ऑफ नॉलेज, एवढं तिच्या डोक्यावर आधीच आहे, आणि प्रवेश देणारे मुख्यतः तेच बघतात. उद्या ती स्वतः म्हणाली की मला कॅल्क्युलस बीसी देऊन बघायचंय, तर एक देऊ दे. तुम्ही सुचवायचं नाही. जेईईचा क्लासही थांबवा. आयबी सांभाळून जेईई हे दुसरं पूर्णवेळ काम आहे, आणि तिला ते करायचं असतं तर तिने आयबी घेतलं नसतं. भारतातच शिकायचं ठरलं तर आयबी डिप्लोमाला एआययूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षता मिळते, तो रस्ता बंद होत नाही.

पैशाचं मात्र तुम्ही आणि घरच्यांनी एकदा बसून ठरवा. चार वर्षांचा पूर्ण खर्च धरा, क्रेडिटचा एकही रुपया वजा न करता. तो झेपत नसेल, तर ते विद्यापीठ यादीतून काढा, कितीही नावाजलेलं असलं तरी. दीड वर्ष वाचेल या आशेवर जमीन विकायची आणि ते वाचलं नाही तर तिसऱ्या वर्षी काय करायचं? त्या वेळी ती सातासमुद्रापार एकटी असेल, आणि दोष स्वतःलाच देईल. कमी वर्षांत डिग्री हीच गरज असेल तर इंग्लंडचा विचार करा. तिथली इंजिनिअरिंगची बॅचलर डिग्री मुळातच तीन वर्षांची आहे, तिथे आयबीचे गुण प्रवेशासाठी लागतात आणि क्रेडिटचा हिशोब करावाच लागत नाही. किंवा इथे चांगल्या कॉलेजात बी.टेक. करून एम.एस.ला जाऊ दे. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं हेच करतात आणि उत्तम करतात. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. यातलं कुठलंही ठरवताना ती समोर हवी, आणि तिचं बोलून होईपर्यंत तुम्ही गप्प राहायचं. हे तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे.

आता तबला. आयबी डिप्लोमात सीएएस नावाचा भाग असतो: काहीतरी सर्जनशील, काहीतरी अंगमेहनतीचं, काहीतरी समाजासाठी, असं सुमारे अठरा महिने चालू ठेवायचं. त्याला गुण नाहीत, म्हणून पालक त्याला हिशोबात धरत नाहीत. पण तो पुरा झाला नाही तर डिप्लोमा मिळत नाही, आणि डिप्लोमा नसेल तर टेक्सासचे ते २४ क्रेडिटही हमखास राहत नाहीत. तबला हा तिचा सर्जनशील भाग होऊ शकतो, नवं काही शिकत राहिली आणि त्याची नोंद ठेवली तर. शाळेतल्या सीएएस समन्वयकांना या आठवड्यातच विचारा.

पण मी हे नियमासाठी सांगत नाहीये. नियम नसता तरी हेच सांगितलं असतं. दिवसभरात एक तास असा हवा, जिथे तिची चूक फक्त चूक असते. मात्रा हुकली की गुरुजी पुन्हा समेवर आणतात, बस.

या रविवारी शीट उघडू नका. जेवण झालं की तिला सांगा, पाचाचा आणि बारा लाखांचा काही संबंध नव्हता, बाबांचा हिशोब चुकला होता. याच शब्दांत सांगा, आडून नको. मग तबला खाली काढा. दोन महिने न वाजलेला तबला उतरलेला असणार. क्लासला जायच्या आधी लावून घ्यावा लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.