मार लागतो का, ते आधी ठरव

प्रिय पोरी,

तुझा मेल परवाच आला होता पण स्क्रिप्ट दोनदा वाचल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून उशीर झाला. प्रोड्यूसर पहिल्या मीटिंगला म्हणाले "जरा डार्क करा", दुसऱ्या मीटिंगला म्हणाले "मधेमधे हलकेफुलके पंच टाका", आणि आता तुलाच कळेनासं झालंय की आपली सुपरहिरो सिरीज नक्की कुठल्या टोनची आहे. अगं यात तुझं काही चुकलेलं नाही, हॉलिवूडचे मोठमोठे स्टुडिओ याच दोन वाक्यांमधे कित्येक वर्षं हेलपाटे घालतायत.

मी एडिटिंग टेबलवर आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे माझं म्हणणं तिथूनच येतं. डार्क काय आणि फनी काय, हे सगळं नंतर. त्याच्याआधी एकच प्रश्न विचार, तुझ्या जगात माणसाला मार बसला तर काय होतं? दुखतं का? दुसऱ्या दिवशीही दुखतं का?

२००० सालच्या एक्स-मेनमधे गाडीत बसलेली ती मुलगी वुल्व्हरिनला विचारते की पंजे बाहेर येताना दुखतं का, आणि तो म्हणतो, प्रत्येक वेळी. एवढंच. पण त्या एका उत्तराने ठरून गेलं की याची ताकद फुकटची नाहीये, आणि १७ वर्षांनी याच वुल्व्हरिनचा 'लोगन' हा सिनेमा आला तेव्हा जखमा भरत नाहीत, पाय ओढत चालतो, असा थकलेला माणूस बघून आपल्याला रडू आलं ते उगाच नाही आलं. मधल्या काही फिल्म्स फसल्या, तरी ते उत्तर कोणी खोटं पाडलं नव्हतं.

आता विनोदाचं बघ. १९७८चा सुपरमॅन बनवताना रिचर्ड डॉनरने ऑफिसात एका शब्दाची पाटी लावून ठेवली होती, व्हेरिसिमिलिट्यूड, म्हणजे सगळं खरं वाटलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे त्या सिनेमात जोक्स भरपूर आहेत. क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, कपडे बदलायला फोन बूथ शोधतो तर समोर नुसता अर्धा उघडा बूथ, तो वरपासून खालपर्यंत बघतो आणि पुढे पळतो, मला आजही हसू येतं. पण त्याला आवडणाऱ्या लोइसच्या घरातला तो सीन परत बघ, ती आत गेलीये, क्लार्क चष्मा काढतो, खांदे सरळ होतात, आवाज खाली उतरतो, आता आपणच सुपरमॅन आहोत हे सांगणार असं वाटतं आणि मग तो परत वाकतो. एकही कट लागत नाही त्याला. क्रिस्टोफर रीव्हचा स्वतःच्या पात्रावर पूर्ण विश्वास आहे म्हणून आजूबाजूला कितीही हसाहस चालते. पुढे दुसऱ्या भागाचं बरंच शूटिंग झालेलं असताना डॉनरला काढलं, रिचर्ड लेस्टर आला, आणि १९८३च्या तिसऱ्या भागाची टायटल्सच रस्त्यावरच्या पडापडीच्या कॉमेडीवर येतात. तिथे कोणालाच काही लागत नाही, मग सुपरमॅनने कोणाला आणि कशापासून वाचवायचं?

स्टुडिओवाले धडा घेतात तो बहुतेक वेळा चुकीचा घेतात. १९९२च्या बॅटमॅन रिटर्न्सला पालकांनी तक्रारी केल्या, मॅकडॉनल्ड्सच्या लहान मुलांच्या हॅपी मीलमधे या सिनेमाची खेळणी का म्हणून, तर डायरेक्टर बदलला, निऑन दिवे आले, आणि १९९७च्या बॅटमॅन अँड रॉबिननंतर पुढचा बॅटमॅन यायला ८ वर्षं लागली. मग डायरेक्टर क्रिस्टोफर नोलनचा बॅटमॅन चालला तर निष्कर्ष काय, लोकांना डार्क आवडतं. अरे पण नोलनच्याच द डार्क नाइटमधली जोकरची पेन्सिल आठव, गायब करून दाखवतो म्हणतो आणि एकाचं डोकंच तिच्यावर आपटतो! थिएटर हसतं आणि त्याच सेकंदाला गप्प होतं, कारण त्या जगात मार खरा आहे.

जस्टिस लीग या सिनेमाचं तर फार वाईट वाटतं. २०१७ मधे घरातल्या दुःखद घटनेमुळे डायरेक्टर झॅक स्नायडर बाजूला झाला, त्याच्या जागी जॉस व्हेडनने बरेच सीन पुन्हा शूट केले, सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या सिनेमासाठी ठेवलेली मिशी कॉम्प्युटरवर पुसावी लागली आणि सिनेमाच्या पहिल्याच सीनला तो ओठ विचित्र दिसतो. लोक ओठावर हसले. मला जास्त खुपलं ते हे की एकाच सीनमधे दोन वेगळ्या जगांची वाक्यं शेजारी शेजारी उभी आहेत. २०२१ मधे स्नायडरचा ४ तासांचा कट आला, मला तो लांबलेला वाटतो, पण त्यातली सगळी माणसं एकाच जगात राहतात.

हे मी अंगावर काढलंय म्हणून सांगतोय. एका फँटसी मालिकेचा एपिसोड मी कापला होता, वडील जातात तो. वरून निरोप आला की फार जड झालंय, आधीच्या मारामारीला कॉमेडी साउंड लावा. मी लावले. मग वडील पडले तेव्हा प्रिव्ह्यूला कोणीतरी हसलं, आणि बरोबरच होतं त्याचं, दोन मिनिटांपूर्वी आम्हीच त्याला शिकवलं होतं की इथे पडलं की हसायचं. मी तेव्हा भांडायला हवं होतं. आजही ते हसू आठवलं की वाईट वाटतं.

आता तुझी स्क्रिप्ट. सीन ४ मधे तुझा हिरो तिसऱ्या मजल्यावरून पडतो, कपडे झटकतो आणि जोक मारतो, आणि त्याला अजून पॉवर मिळालेली नाहीये. सीन ९ मधे वॉचमन काका त्याच बिल्डिंगच्या त्याच मजल्यावरून पडतात आणि जातात. एपिसोड ज्याच्यावर उभा आहे तो हा मृत्यू, आणि तो लागणारच नाही गं. यात कॅमेरा, कलर, म्युझिक कोणी काही करू शकत नाही.

जोक काढू नकोस, चांगला आहे. फक्त सीन ४ मधे त्याचा हात मोडू दे, आणि तेच वाक्य त्याला दात आवळून बोलू दे. मग सीन ९ पर्यंत तो हात गळ्यात बांधलेला असेल, आणि काकांना धरायला त्याच्याकडे एकच हात असेल. बघ काय होतं ते. रविवारपर्यंत हे दोनच सीन पाठव, बाकीचं मी आत्ता वाचणार नाही.

तुझा,
काका