ब्रँडेड डेस्कटॉप ओव्हरक्लॉक करता येतो का? बायोसमध्ये पर्यायच दिसत नाही

तुम्ही लिहिलंय की रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ७०४० टॉवर घेतला. आत आय५-६५००, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि मूळची हार्ड डिस्क. व्हिडिओ एडिटिंग करायचंय, अधूनमधून गेम खेळायचेत. यूट्यूबवर हाच प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झवर पळताना पाहिला म्हणून दोन रात्री बायोस (मशीन सुरू होताना चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) धुंडाळलं, पण ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, मेनू काही मिळेना. तो कुठे लपवलाय, असं विचारलंय.

लपवलेला नाही हो, तो तिथे नाहीच. आणि बायोस बदलून तो येणारही नाही, कारण कुलूप बायोसमध्ये नसून त्याच्या खाली आहे.

प्रोसेसरचा वेग हा साधा गुणाकार आहे. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायरने गुणायचं. तुमच्या चिपचा मल्टिप्लायर ३२, म्हणून ३.२ गिगाहर्ट्झ. टर्बोमध्ये, म्हणजे चिप स्वतःहून वेग वाढवते तेव्हा, तो ३६ पर्यंत चढतो, पण एकाच कोरवर काम असेल तेव्हाच. चारही कोर जुंपले की ३.३ च्या आसपास थांबतो. तुमच्या चिपच्या पिढीत मल्टिप्लायर वर न्यायची मोकळीक इंटेलने फक्त नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या चिप्सना दिली, आणि तीही झेड मालिकेचा चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप) असलेल्या बोर्डावर. तुमच्याकडे ‘के’ही नाही आणि झेडही नाही. बोर्डावर क्यू१७० आहे, म्हणजे ऑफिसातली शेकडो मशीन एका जागेवरून सांभाळता यावीत म्हणून बनवलेला चिपसेट. उद्या कुठून आय७-६७००के आणून बसवलात तरी क्यू१७० मल्टिप्लायर उघडून देणार नाही.

मग यूट्यूबवाल्याने काय केलं? तो व्हिडिओ बहुधा खरा आहे, फक्त जुना आहे. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलने बेस क्लॉकला पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाची जोडणी) आणि साटाच्या (डिस्कची जोडणी) दावणीला बांधलं होतं. तीन-चार टक्के वर नेलं की डिस्क तरी रुसायची नाहीतर ग्राफिक्स कार्ड तरी. २०१५ च्या स्कायलेकमध्ये, म्हणजे तुमच्याच पिढीत, पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक वेगळा केला आणि ती दावण सुटली. काही बोर्ड कंपन्यांनी लगेच खास बायोस काढले आणि लोकांनी बिन-‘के’ चिप्सचा बेस क्लॉक उचलून त्या ४.५ च्या पुढे नेल्या. हा खेळ काही महिनेच चालला. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलने मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून ती वाट बुजवली आणि ते बायोसही मागे घेतले गेले. शिवाय त्या युक्तीत आतलं ग्राफिक्स बंद पडायचं, कोरचं तापमान वाचता यायचं नाही आणि एव्हीएक्स (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) वापरणारी कामं उलट मंदावायची. म्हणजे तुमच्या एडिटिंगला ती तशीही फारशी कामाची नव्हती. आणि हे सगळं सुटे भाग जोडून बनवलेल्या मशीनच्या बोर्डांवर. ऑफिसच्या ब्रँडेड बोर्डांना असे बायोस मिळालेच नाहीत.

तुमची खाज मला कळते. मी त्या पिढीतला आहे जिच्यात सेलेरॉन ३००ए च्या गोष्टी चवीने सांगितल्या जायच्या. १९९८ ची ती चिप, ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर (तेव्हाचा बेस क्लॉकच म्हणा) ३०० ने चालायची. बस १०० केली की सरळ ४५०. बायोसमध्ये सोय नसली तर प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ नावाच्या एका पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा, की बोर्डाला वाटायचं ही १०० वालीच आहे. चिकटपट्टीवर दीडपट वेग! तेव्हाचं कुलूप तेवढंच होतं.

पण २००८ मध्ये मी जे केलं ते ऐकून ठेवा. घरी ब्रँडेड डेस्कटॉप होता, पेंटियम ड्युअल कोर ई२१६०, १.८ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये काही नाही. तेव्हा सेटएफएसबी नावाचं एक सॉफ्टवेअर असायचं. विंडोज चालू असतानाच ते बोर्डावरच्या क्लॉक जनरेटरला बदलायला लावायचं. त्यात आधी त्या क्लॉक जनरेटरचा नंबर निवडावा लागे, म्हणून कॅबिनेट उघडून, टॉर्च दातात धरून, आईच्या पोथी वाचायच्या भिंगातून त्या चिपवरची अक्षरं वाचली. मग स्लायडर हळूहळू २०० वरून २२० वर. जवळपास दोन गिगाहर्ट्झ! गाणी चालू होती, चालूच राहिली. मला वाटलं जिंकलो.

तीन आठवडे तसंच चालवलं. बस वाढली की रॅमही तिच्याबरोबर फरफटत वर जाते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मशीन एकदाही हँग झालं नाही. पण मधल्या काळात कॅमेऱ्यातून उतरवलेले बहिणीच्या लग्नाचे फोटो उघडायला गेलो तर अर्धे फोटो मध्येच करडे, काहींच्या खाली हिरव्या-गुलाबी पट्ट्या. रॅममध्ये एखादा बिट चुकला की तो गुपचूप डिस्कवर लिहिला जातो, घंटा वाजत नाही. कार्ड तोवर पुसून झालं होतं. बहीण अजून विषय काढते. तेव्हापासून मला क्रॅश होणाऱ्या ओव्हरक्लॉकची भीती वाटत नाही, न होणाऱ्याची वाटते.

समजा, कुलूप नसतं. तरी तुमच्या टॉवरमध्ये २४० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आहे, आणि त्याला बाजारातला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसल्यामुळे दुकानात जाऊन दुसरा सहज बसवता येत नाही. प्रोसेसरची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्के वाढवा, ३३ टक्के वीज जास्त. वेग मात्र जास्तीत जास्त १० टक्के. ६५ वॉटच्या चिपचा हिशोब करून दिलेला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पाती) आणि एकच पंखा ते कुठे नेणार? ब्रँडेड मशीन बनवणारा पैन्‌पै मोजून बनवतो, त्यात ओव्हरक्लॉकसाठी शिल्लक ठेवलेली नसते.

आता जे मला खरं म्हणजे सांगायचंय ते. तुमचं मशीन आज ३.२ ला तरी चालतंय का, हे आधी बघा.

मागच्या मे महिन्यात भाच्याकडे अकोल्याला गेलो होतो. त्याच्याकडे असंच ऑफिसातून निघालेलं, आय५-६५०० चंच मशीन. तक्रार तुमचीच: मामा, ओव्हरक्लॉक करून द्या. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून चारही कोरवर लोड दिला. दोन मिनिटांत तापमान ९९, आणि क्लॉक २.६ वर आलेला. स्कायलेक १०० अंशांना टेकली की स्वतःच वेग कमी करते, नाहीतर जळेल. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला, बोटाने अख्खा सोलून निघाला. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, चुन्याच्या डबीत तळाशी सुकून राहते तशी, टोकरली की पापुद्रे. ब्लोअरने साफ केलं, नवी पेस्ट लावली. त्याच खोलीत, त्याच उकाड्यात तापमान ७४ आणि क्लॉक ३.३ वर ठाम. २.६ वरून ३.३ म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त, तेही फुकटात. एवढा ओव्हरक्लॉक अकोल्याच्या मे महिन्यात कोणी करून दाखवावा.

रिफर्बिश्ड विकणारे बाहेरून स्क्रीन पुसतात, स्टिकर लावतात. पेस्ट बदलणारा विरळा. तेव्हा तुमचंही उघडाच. उघडण्याआधी पाच-दहा मिनिटं मशीन जरा राबवा, पेस्ट ऊबेने मऊ होते. मग बंद करा, वायर काढा, हीटसिंक थोडा पिळून उचला, सरळ ओढू नका. ब्लोअर मारताना पंख्यात बोट किंवा काडी घालून तो धरून ठेवा, भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते. पोळीला तूप लावतो तशी नको.

रॅमची एकच पट्टी हा दुसरा गळफास. डीडीआर४-२१३३ ची एक पट्टी सेकंदाला साधारण १७ जीबी वाहून नेते, दोन सारख्या पट्ट्या जोडीने लावल्या की ३४. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे आतलं ग्राफिक्स हीच रॅम खातं. गेमवाल्याला दुसरी ८ जीबीची पट्टी प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकपेक्षा जास्त फ्रेम देते. एडिटिंगला १६ जीबी लागतेच. आणि ती हार्ड डिस्क काढा हो. सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचणाऱ्या डिस्कवर टाइमलाइन अडखळते आणि आपण दोष प्रोसेसरला देतो. साधी साटा एसएसडीसुद्धा साडेपाचशे देते.

एवढं करून प्रोसेसर कमी पडला तर जुना आय७-६७०० शोधा. तोच सॉकेट, तेच ६५ वॉट, पण आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा) आणि टर्बो ४.० पर्यंत. व्हिडिओ एक्स्पोर्टला हा फरक हाताला लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला वापरलेले मिळतात. समोर लावून, चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. फार पैसे मात्र ओतू नका. ही पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

ओव्हरक्लॉकची हौस भागवायचीच असेल तर ग्राफिक्स कार्डावर भागवा, तिथे क्यू१७० काही म्हणत नाही. स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच चालणारं जीटीएक्स १६५० घ्या, वेगळा पॉवर कनेक्टर नसलेलं मॉडेल बघून. मग एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये मेमरी आणि कोर थोडं थोडं वर. वीज आधीच ७५ ला टेकलेली असते, म्हणून चार-पाच टक्क्यांपलीकडे अपेक्षा नको. बिघडलं तर गेम बंद पडेल, फोटो शाबूत राहतील.

जाता जाता, हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे दहाव्या पिढीचं ब्रँडेड मशीन असेल तर तुमचं प्रकरण जरा वेगळं आहे. आय५-१०४०० ला इंटेलने २८ सेकंदांपुरते १३४ वॉट आणि नंतर कायमचे ६५ अशी मर्यादा सुचवली आहे. ब्रँडेड बोर्ड ती सहसा काटेकोर पाळतात, म्हणून रेंडर सुरू झाल्यावर पहिला अर्धा मिनिट मशीन उडतं आणि मग बसतं. बायोसने कुलूप लावलेलं नसेल तर थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधून ती ६५ ची मर्यादा जरा वर सरकवता येते. हा ओव्हरक्लॉक नव्हे, चिप स्वतःच्या ठरलेल्या टर्बोतच जास्त वेळ राहते. पण आधी हीटसिंकला ते झेपतं का ते बघा. ‘के’ चिप आणि झेड चिपसेट घेऊन आलेली एलियनवेअरसारखी गेमिंग मशीन असतील, तर त्यांच्या बायोसमध्ये मेनू खरोखरच असतो.

तुम्ही पेस्ट बदलून घ्या, दहा मिनिटं चारही कोरवर लोड द्या आणि तापमान व क्लॉक दोन्ही आकडे लिहून मला कळवा. ८५ च्या वर जात असेल तर आधी पंखा तपासू, रॅमचे पैसे तोवर खर्च करू नका.