ऑक्सिजनशिवाय ऊर्जा कशी मिळते?

प्रश्न : धनुर्वाताचा जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणीच वाढतो, असे वाचले. तो आणि त्याच्या प्रजातीतील इतर जिवाणू खातात काय आणि त्यातून ऊर्जा कशी मिळवतात?

उत्तर : हा जिवाणू क्लॉस्ट्रिडियम या प्रजातीतील आहे. अन्नापासून ऊर्जा मिळवताना त्यातील इलेक्ट्रॉन काढून ते दुसऱ्या कोणत्या तरी पदार्थाला द्यावे लागतात. आपल्या पेशी ते अखेरीस ऑक्सिजनला देतात. क्लॉस्ट्रिडियमला ती सोय नसल्यामुळे, काय खायचे यापेक्षा इलेक्ट्रॉन कुठे टाकायचे, हीच त्याची खरी अडचण असते, असे मला वाटते.

शर्करेवर जगणाऱ्या जाती तिचे किण्वन करून, म्हणजे ऑक्सिजनशिवाय तिचे विघटन करून, ब्युटिरिक व ॲसेटिक आम्ले, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन बाहेर टाकतात. हा हायड्रोजन म्हणजे नकोशा इलेक्ट्रॉनांची एक वाटच होय. लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये याच ब्युटिरिक किण्वनाचा अभ्यास करताना पाहिले की, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या द्रवाच्या थेंबाच्या कडेला, हवेच्या संपर्कात आलेले जिवाणू निश्चल होत आणि मध्यभागातले मात्र हालचाल करीत राहत. किण्वनाच्या या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, जेमतेम तीन रेणू मिळतात, तर ऑक्सिजनच्या साहाय्याने सुमारे तीस. त्यामुळे या जिवाणूंना तेवढ्याच ऊर्जेसाठी कितीतरी अधिक अन्न फस्त करावे लागते.

सर्वांत विलक्षण युक्ती मात्र प्रथिनांवर जगणाऱ्या जातींची आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ स्टिकलंड यांनी १९३४ मध्ये क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनीसमध्ये दाखवून दिले की, हा जिवाणू ॲमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, जोडीने वापरतो : ॲलॅनिनचे ऑक्सिडीकरण होऊन जे इलेक्ट्रॉन सुटतात, ते ग्लायसिन स्वीकारते, म्हणजे ऑक्सिजनचे काम येथे अन्नातलाच दुसरा घटक करतो. क्लॉस्ट्रिडियम क्लुयव्हेरी ही जात तर इथेनॉल आणि ॲसेटेटवर जगते व त्यांचे लहान रेणू सांधून अधिक लांब साखळीची आम्ले बनवते.

धनुर्वाताचा जिवाणू सहसा शर्करेचे किण्वन करीत नाही, तो ॲमिनो आम्लांवर वाढतो. रक्तपुरवठा तुटलेल्या, खोल जखमेतील मृत ऊतींमध्ये त्याला हे अन्न मिळते आणि ऑक्सिजनही तेथे पोहोचत नाही. मातीतून आलेले त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची टिकाऊ सुप्त रूपे, अशाच ठिकाणी अंकुरतात. म्हणूनच अशा जखमेतील मृत भाग काढून टाकणे हा उपचाराचा आवश्यक भाग मानला जातो.