मुलीसोबत लाकडाची शर्यतीची गाडी बनवताना तिच्या हाती किती काम द्यावे?

आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या मामाने अमेरिकेहून ‘पाइनवूड डर्बी’चा, म्हणजे उतारावरून सोडायच्या लहान लाकडी गाड्यांच्या शर्यतीचा संच आणून दिला आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत वाड्यावरील, म्हणजे आपल्या वस्तीतील मुलांची शर्यत ठरली आहे. सुतारकामाचा आपल्याला गंध नाही, आणि गाडी चांगली पळावी असे वाटत असेल तर मुलीने किती करावे व आपण किती, असा आपला प्रश्न आहे. मी गोव्यातील डिचोलीत राहतो आणि माझ्या मुलासोबत अशा तीन गाड्या बनवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, गाडीला वेग देणारी बहुतेक कामे मुलांच्या हातून उत्तम होण्यासारखी आहेत. आपण मोठी माणसे ज्या कामासाठी पुढे सरसावतो ते म्हणजे आकार देणे, आणि त्याचा वेगाशी संबंध सर्वांत कमी असतो.

हे मला पहिल्या गाडीच्या वेळी कळले नव्हते. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याने कागदावर होडीसारखी दिसणारी, मागे उंच शेपटी असलेली गाडी काढली होती. ती पळणार नाही असे ठरवून मी स्वतः पाचरीच्या आकाराची रेघ मारली, स्वतःच कापले आणि स्वतःच घासले. तासाभराने मान वर केली तेव्हा तो अंगणात सायकल चालवत होता. गाडी चांगली पळाली, पण कोणी विचारले की तो “बाबांची गाडी” असे सांगत असे. ते शब्द माझ्या मनाला लागले, आणि दुसऱ्या गाडीपासून आम्ही कामाची वाटणी बदलली.

या खेळाचा उगमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे कब स्काउट, म्हणजे स्काउट चळवळीतील लहान मुलांसोबत काम करणाऱ्या डॉन मर्फी यांनी तो सुरू केला आणि १५ मे १९५३ रोजी पहिली शर्यत झाली. त्यांच्या मुलाला सोपबॉक्स डर्बी या, मुले स्वतः आत बसून चालवतात अशा बिनमोटरच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे होते, पण त्यासाठी त्याचे वय कमी पडत होते. म्हणून वडील आणि मुलगा घरी मिळून बनवू शकतील अशी लहान गाडी त्यांनी कल्पिली. म्हणजे दोघांनी एकत्र बसणे हा या खेळाचा मूळ हेतूच आहे. गाडीला मोटर नसते, चावी नसते. उतारावरून ती केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते.

संचात पाइनच्या लाकडाचा सुमारे ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच ठोकळा, प्लास्टिकची चार चाके आणि आसाचे, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या दांड्याचे काम करणारे चार खिळे असतात. ठरलेल्या नियमांनुसार तयार गाडीचे वजन ५ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४१.७ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. लांबी ७ इंच आणि चाकांसकट रुंदी पावणेतीन इंचांच्या आत असावी लागते. आपल्या वाड्यावरील शर्यतीसाठी वेगळे नियम असतील तर काम सुरू करण्यापूर्वीच ते लिहून घ्यावेत. आमच्याकडे शर्यतीच्या सकाळी वजनावरून मुलांमध्ये रडारड झाली होती आणि ती सहज टाळता आली असती.

आता लाकडाविषयी. ठोकळ्याच्या खालच्या बाजूला आसांसाठी दोन खाचा असतात. एक खाच टोकाच्या अधिक जवळ असते, दुसरी थोडी आत. जी खाच टोकाजवळ आहे तिच्याकडची बाजू गाडीची मागची बाजू करावी. कारण पुढे सांगतो. मुलीला पट्टी आणि गुण्या देऊन खाचा ठोकळ्याच्या कडेला काटकोनात आहेत का हे तपासायला सांगा. कधी कधी त्या किंचित तिरक्या असतात, आणि हे शोधून काढण्यात मुलांना फार रस वाटतो. सुटे पाइन हवे असेल तर वखारीत मिळते. जुन्या पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवण्याच्या लाकडी चौकटीच्या फळ्याही चालतात, पण त्यावरील शिक्का पाहून घ्यावा. ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेले असते. ‘एमबी’ असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, आणि ते मुलांच्या हाती देऊ नये. फणस किंवा सागवान घरात पडलेले असेल तरी ते घेऊ नका. ते कठीण असल्यामुळे मुलांच्या हाताने कापले जात नाही, आणि कापण्याचा आनंद तिथेच संपतो.

करवतीचे काम आपण दोघांनी मिळून करावे. ठोकळा टेबलाला शिकंजाने घट्ट आवळा, पेन्सिलीची रेघ तिने मारावी, सुरुवातीची खाच आपण पाडावी आणि मग करवत तिच्या हाती देऊन आपला हात मुठीच्या वर नुसता ठेवावा. पाइन मऊ असते, करवत आपल्या वजनानेच उतरते. मुलाने पहिल्यांदा कापले तेव्हा राळेचा वास घरभर पसरला आणि त्याने कापलेला तुकडा नाकाशी धरून बराच वेळ ठेवला. तो तुकडा अजून त्याच्या कंपासपेटीत आहे. कापणे तिरके झाले तरी चालेल. हवेचा अडथळा असतो हे खरे आहे आणि बसकी, निमुळती गाडी थोडी पुढे राहते हेही खरे आहे. परंतु नीट घासलेले आस असलेली ओबडधोबड गाडी खडबडीत आस असलेल्या देखण्या गाडीला मागे टाकते. म्हणून तिने मासा काढला तर मासा करू द्या. भोके पाडण्याचे काम मात्र पूर्णपणे आपले. ड्रिल मशीन या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नये.

आता ज्यावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे त्या आसांकडे येतो. संचातील खिळा बोटाने चाचपून पाहिला तर त्याच्या डोक्याखाली आणि दांड्यावर साच्यातून आलेली बारीक उंचवट्याची रेघ लागते. चाक याच दांड्यावर फिरते, त्यामुळे प्रत्येक फेरीत ते त्या रेघेला घासते आणि उतारावर मिळालेला वेग तिथे वाया जातो. खिळा ड्रिलच्या जबड्यात धरून आपण यंत्र हळू फिरवायचे आणि मुलीने आधी बारीक कानस, मग पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर ६०० आणि शेवटी १००० नंबरचा पेपर चिमटीत धरून दांड्यावर लावायचा. तिचे केस बांधलेले असावेत, बाही वर केलेली असावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एका खिळ्याला दहा-बारा मिनिटे लागतात आणि घाई केली की ओरखडे राहतात. या कामाला जोर लागत नाही, धीर लागतो. माझा मुलगा अभ्यासाला पाच मिनिटे स्थिर बसत नसे, पण चौथा खिळा त्याने खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि अजून एक रेघ दिसते म्हणून स्वतःहून पुन्हा घासायला घेतला. त्या क्षणी ही गाडी त्याची झाली असे मला वाटते.

घासण्याआधी आणि नंतर चाक फिरवून सेकंद मोजायला लावा. आमच्याकडे सुरुवातीला चाक सात-आठ सेकंदांत थांबत होते; घासून, पुसून ग्राफाइटची पूड लावल्यावर ते पंचवीस सेकंदांच्या पुढे फिरू लागले. तो आकडा त्याने भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवला. तेल लावू नका. प्लास्टिकच्या चाकाला ते योग्य नाही आणि त्यावर धूळ बसते. कोरडी ग्राफाइट पूडच वापरावी. ती हाताला, कपड्यांना आणि फरशीला काळी लागते, म्हणून हे काम बल्कांवात, म्हणजे घरापुढील ओसरीत वर्तमानपत्र पसरून आणि नाकाला रुमाल बांधून करावे.

गोव्याच्या हवेत एक अडचण अशी येते, जी संचाच्या सूचनापत्रकात सापडणार नाही. हे खिळे लोखंडी असतात आणि पॉलिश झालेल्या भागावर खाऱ्या, दमट हवेत दोन-तीन दिवसांत तांबूस गंज चढतो. आम्ही भाद्रपदात घासलेले आस उघड्या वाटीत ठेवले होते. चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरवून पुन्हा कामाला बसलो तेव्हा चारही आसांवर ठिपके आले होते आणि सगळे काम नव्याने करावे लागले. तेव्हापासून घासून झाल्यावर आस कोरड्या कापडाने पुसतो, त्यावर ग्राफाइट चोळतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात नव्या चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवतो. रंगाचेही तसेच आहे. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि मध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा.

वजनाचे कारण मुलीला नीट समजावून सांगा, कारण नऊ वर्षांचे मूल ते समजू शकते. गाडी उताराच्या वरच्या टोकाला उभी असताना तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असते. जड भाग मागे असेल तर तो अधिक उंचीवरून खाली येतो आणि अधिक वेग देतो. म्हणून मघाशी मागच्या खाचेविषयी सांगितले: मागचे चाक जितके टोकाजवळ तितके वजन मागे नेता येते. तयार गाडी पट्टीच्या कडेवर ठेवून तोलावी. मागच्या आसाच्या पुढे सुमारे एक इंचावर ती समतोल राहिली तर ठीक. त्यापेक्षा मागे गेली तर पुढची चाके हलकी पडून गाडी डुलते. वजनासाठी पागाला, म्हणजे मासे पकडण्याच्या जाळ्याला लावतात ती शिशाची मणी अनेकांना सुचतील, कारण आपल्याकडे ती सहज मिळतात, परंतु शिसे विषारी आहे आणि मुलांच्या हाती ते देऊ नये. लोखंडी नट आणि वायसर पुरेसे होतात. खालून भोक पाडून ते बसवावेत आणि वर अराल्डाइट हा चिकट गोंद भरावा.

वजन एकदम १४१ ग्रॅमवर नेऊन सगळे बंद करू नका. कच्चे लाकूड दमट हवेतील पाणी शोषते आणि पावसाळी आठवड्यात त्याचे वजन किंचित वाढते. आम्ही शेवटचे दोन-तीन ग्रॅम एका लहान भोकात स्क्रूच्या रूपाने मोकळे ठेवतो. घरातील काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असेल तर शर्यतीच्या आदल्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडे जावे. आमच्या सोनाराने गाडी काट्यावर ठेवू दिली आणि मुलाने स्वतः स्क्रू काढून-घालून वजन १४१.५ ग्रॅमवर आणले.

चाके बसवताना चाक आणि लाकूड यांच्यामध्ये एटीएम कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवा. मग गाडी सपाट, किंचित उतरत्या फळीवर चार फूट सोडून पाहा. ती एका बाजूला इंचभरापेक्षा जास्त सरकत असेल तर आस थोडा फिरवून पुन्हा सोडावी. हे खूप वेळा करावे लागते. आमची फळी म्हणजे आठ फुटी प्लायवूडचे फूटभर रुंद दोन तुकडे, बल्कांवाच्या पायऱ्यांवर टेकवलेले. मध्यभागी पावणेदोन इंचांपेक्षा थोडी कमी रुंदीची पट्टी ठोकली, म्हणजे चाके तिच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि गाडी उतरून पडत नाही. एक गोष्ट मुलीला आवर्जून सांगा की, तयार गाडी अंगणात चालवायची नाही. आपल्या लाल मातीची बारीक पूड चाकात गेली की आसाचे पॉलिश एका संध्याकाळीत जाते. खेळायचेच असेल तर जुन्या चाकांची दुसरी गाडी करून द्यावी. आमच्या पहिल्या गाडीचा आता तोच उपयोग होतो.

ती हरली तर काय, असे आपण शेवटी विचारले आहे. माझ्या मुलाची होडीसारखी गाडी, उंच शेपटीसकट, तिसऱ्या वर्षी बनली आणि सहा गाड्यांत चौथी आली. घरी आल्यावर त्याने आधी चाके फिरवून सेकंद मोजले, पुढचे डावे चाक बाराव्या सेकंदाला थांबले, आणि “बाबा, हा खिळा पुन्हा काढूया” असे म्हणून तो चिमटा शोधायला गेला.