ओरडू नका, समोर या

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना वयोमानाने कमी ऐकू येतं. कानाचं मशीन लावतात, तरी चारचौघांतलं बोलणं त्यांच्या हातून निसटतं. हळू बोललं की "काय?" विचारतात आणि मोठ्याने बोललं की "ओरडतेस कशाला?" म्हणून चिडतात. पाहुण्यांसमोर फार अवघड होतं. त्यांचा मान राखून कसं बोलावं?

उत्तर : मीही दोन्ही कानांत मशीन लावते, म्हणून खात्रीने सांगते, त्यांचं दोन्ही वेळचं म्हणणं खरं आहे. वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्या पट्टीत येतात, स्वर बरेचसे खालच्या. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण ते 'सात' म्हणालं की 'हात', हे अंदाजाने ठरवावं लागतं. ओरडलं की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच किंवा जास्तच बोचतो.

तेव्हा आवाज चढवू नका, अंतर कमी करा. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, तोही न ओरडता. आधी हाक मारा, त्यांनी पाहिलं की मग बोला. दुसऱ्या खोलीतून किंवा पाठमोरं बोलू नका. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलात तर ओठ दिसत नाहीत. टीव्ही बंद करा, कारण मशीन तुमच्याबरोबर त्याचाही आवाज वाढवतं. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. तारीख, वेळ, फोन नंबर सरळ लिहून द्या.

आता पाहुण्यांबद्दल. सगळे हसतात, ते विचारतात "काय झालं?" आणि कुणीतरी म्हणतं, "काही नाही, जाऊ दे." या चार शब्दांइतकं लागणारं दुसरं काही नाही. बोलणाऱ्याला वाटतं, फालतू गोष्ट होती, पुन्हा काय सांगायची. पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की ती आपल्याला सांगण्याइतकी महत्त्वाची नव्हती. असं चारदा झालं की माणूस विचारणं सोडतो, नुसता मान डोलावत बसतो, आणि घरचे म्हणतात, "हल्ली ते गप्पच असतात." विनोद फालतू असला तरी सांगा. दहा सेकंद लागतात.

दुसरी गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. ते समोर बसलेले असताना पाहुणे तुम्हाला विचारतात, "यांची तब्येत कशी आहे?" तुम्ही उत्तर देऊ नका. "बाबांनाच विचारा ना, इकडे त्यांच्यासमोर बसा," असं हसून म्हणा आणि खुर्ची पुढे करा. पाहुण्याला राग येत नाही. बहुतेकांना कसं बोलावं हेच ठाऊक नसतं. सासऱ्यांची जागा मात्र आधीच ठरवा: भिंतीकडे पाठ, सगळ्यांचे चेहरे समोर. आणि तासाभराने ते उठून आत गेले तर "थांबा ना" असा आग्रह नको. अंदाज बांधत ऐकणं फार दमवतं.

प्रश्न : ऑफिसात नव्या सहकाऱ्याच्या कानात मशीन दिसलं. त्याबद्दल विचारलं तर चालेल का?

उत्तर : मशीनबद्दल नको. किती ऐकू येतं, कधीपासून, काय झालं होतं, हे त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील. मीटिंगच्या आधी, इतरांच्या देखत नव्हे, एवढंच विचारा : "कुठे बसलं तर तुम्हाला बरं पडेल?" ऑनलाइन मीटिंग असेल तर स्वतःचा कॅमेरा चालू ठेवा आणि दोघं एकदम बोलू लागले तर एकाला थांबवा. हे तुम्ही केलंत हे त्यांना सांगायची गरज नाही.