विचार सोडून कृती? आधी धातू बघा!

प्रश्न थोडक्यात असा : 'विचार' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द 'कृती' की 'आचार'? आणि जो नुसता विचारच करत बसतो, हातपाय हलवत नाही, त्याला मराठीत एका शब्दात काय म्हणावे?

पहिल्याचे उत्तर : दोन्ही नाहीत. विरुद्धार्थी शब्द 'अविचार'. तरीही 'विचार सोडा, कृती करा' हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. यश कसे मिळवावे हे सांगणारा जो तो व्यासपीठावर चढला की हेच बोलतो आणि समोरचे माना डोलावतात. अहो, 'अविचार' हा शब्द कसा वापरतो ते तरी पाहा. अविचार 'करतात'. 'रागाच्या भरात त्याने काही अविचार तर केला नाही ना?' या वाक्यातली धास्ती डोक्यात काय होते याची नाही, हातून काय घडले याची आहे. म्हणजे मराठीत विचाराच्या उलट टोकाला जे उभे आहे, ती एक कृतीच आहे. आणि 'उद्या निघायचा विचार आहे' म्हणणारा माणूस अर्धे सामान बांधून बसलेला असतो. 'तुझा विचार काय?' याचा अर्थ 'तू काय करणार आहेस?' विचाराचे एक पाऊल आधीच कृतीत पडलेले आहे.

पाऊल हा शब्द मुद्दाम वापरला. 'विचार' आणि 'आचार' एकाच धातूचे : चर्, म्हणजे फिरणे, हिंडणे. चरण, चराचर, सहचर, संचार, चरित्र, गुप्तचर ही सगळी त्याचीच पिलावळ. आपला 'चरितार्थ'ही त्यातलाच. संस्कृतात तो 'ज्याचा हेतू सिद्ध झाला असा' या अर्थाचा होता, मराठीत आल्यावर पोटापाण्याला लागला. तेव्हा विचार हीसुद्धा हालचाल आहे, आणि भाषा हे विसरलेली नाही. विचार येतात, जातात, भरकटतात, मनात घोळतात, पाठ सोडत नाहीत. कृती बिचारी फक्त होते किंवा केली जाते.

आता उपसर्ग. 'वि म्हणजे विशेष' असे सांगून मोकळे होणारे व्याकरणाचे गुरुजी माझ्या डोक्यात जातात. वियोगात कसला विशेष योग आहे? विभाग, विक्षेप, विसर्जन या सगळ्यांत 'वि' म्हणजे वेगळे करणे, दूर करणे, निरनिराळ्या दिशांना नेणे. शिवाय 'विशेष' या शब्दातच 'वि' बसलेला आहे, त्याचे काय करायचे? 'आ' मात्र जवळ आणतो : गमनाचे आगमन होते. म्हणून माझी मांडणी अशी, की विचार म्हणजे गोष्टीभोवती चहूबाजूंनी हिंडणे आणि आचार म्हणजे तिच्यापाशी येऊन पोहोचणे. दुसऱ्या कुणाला पटो न पटो.

निदान पहिल्या अर्ध्याला साक्षीदार आहे. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात वितक्क (संस्कृत वितर्क) आणि विचार यांतला फरक भुंग्याच्या दृष्टान्ताने सांगितला. भुंगा कमळाकडे झेपावतो तो वितक्क, आणि कमळावर पोहोचल्यावर त्याभोवती घिरट्या घालतो तो विचार. इथे चर् धातू अक्षरशः पंख लावून उडतो आहे!

आणखी मागे गेले तर मजाच. या चर्‌चा सख्खा भाऊ लॅटिनमधला 'कोलेरे', म्हणजे जमीन कसणे, जोपासणे. त्यातूनच 'कल्चर' निघाले. आपला 'आचार' आणि त्यांचे 'कल्चर' एकाच मुळाचे. 'चक्र'ही त्याच मुळाचे, कारण मूळ अर्थ गोल फिरणे. जुन्या पद्धतीचे व्युत्पत्तिकार मात्र चक्राला 'कृ' धातूला जुंपतात : 'क्रियते अनेन', ज्याने काही केले जाते ते चक्र. मग कुऱ्हाड का नाही चक्र? लेखणी का नाही? ज्याने काही करता येते ती प्रत्येक वस्तू चक्र ठरेल. फिरणाऱ्या वस्तूला फिरण्याचा धातू सोडून करण्याचा धातू लावायचा, हा हट्ट मला कधीच कळला नाही.

मराठीने तर विचाराचे आणखी एक काम वाढवले. हिंदीत 'विचारना', गुजरातीत 'विचारवुं' म्हणजे मनात विचार करणे. आपण मात्र 'विचारणे' म्हणजे दुसऱ्याला प्रश्न करणे, आणि तेवढ्याने भागेना म्हणून पृच्छ् धातूतून आलेले 'पुसणे' त्याला जोडून 'विचारपूस' केली. रामदासांच्या 'विचारूनि बोले विवंचूनि चाले' या ओळीत 'विचारूनि' अजून 'विचार करून' याच अर्थाने आहे. त्यातला 'विवंचूनि'ही पाहा. तेव्हा विवंचणे म्हणजे नीट पारखणे, आणि आज विवंचना म्हणजे काळजी. 'चिंते'चेही तेच झाले. संस्कृतात साधा विचारसुद्धा, मराठीत नुसता जिवाला घोर. थोडक्यात, बसल्या जागी कुरतडणारे जे काही होते, ते मराठीने चिंता आणि विवंचना यांच्या पदरात टाकले आणि विचाराला दारोदार प्रश्न विचारायला पाठवले. त्यालाच आळशी ठरवणे हा कृतघ्नपणा आहे.

बदनामी आणली ती 'प्रकरण विचाराधीन आहे' आणि 'बघू, विचार करू' या वाक्यांनी. दोन्हींचा अर्थ 'नाही' असतो, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते.

जुन्या मराठीचा राग होता तो पोकळ बोलण्यावर. बोलघेवडा, वाचाळ, बोलाचीच कढी, 'बोले तैसा चाले' : सगळीकडे तोंड आणि पाय यांचा सामना आहे, डोके आणि हात यांचा नाही. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' कुणी तोंडावर फेकेल, पण तिथेही दोष 'अति'चा आहे.

हां, दुसरा प्रश्न राहिलाच. 'चिंतातुर जंतू' चालेल. शब्द दोन आहेत, पण नेमके आहेत. स्वप्ने रंगवणारा असेल तर तो 'मनात मांडे' खाणारा. 'विचारी' मात्र म्हणू नका, ती स्तुती होते. आणि मूळ प्रश्नात 'कृतीशील' आणि 'व्यवहारिक' असे लिहिले होते. कृतिशील, ति ऱ्हस्व. व्यावहारिक, व्याला काना.